नांदेडचं जुन्या सामानाचं दुकान आणि तिथं मिळालेलं २९४०यू कार्ड

आधी निकाल सांगते. ॲडॅप्टेक कंपनीचं एएचए-२९४०यू हे जुनं पीसीआय स्कझी कार्ड, म्हणजे जुने स्कॅनर-ड्राइव्ह जोडता यावेत म्हणून कॉम्प्युटरच्या आत पीसीआय स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड, मी नांदेडला वजिराबादेतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून ९०० रुपयांना घेतलं. कार्ड उत्तम आहे. दुकान विश्वासाचं आहे. केबल मात्र तिथून घेताना डोळ्यांत तेल घालून बघून घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. ज्यांच्या कपाटात एखादा जुना स्कॅनर, टेप ड्राइव्ह नाहीतर झिप ड्राइव्ह (जाड फ्लॉपीसारख्या चकत्यांचा) धूळ खात पडलाय आणि त्यातलं काहीतरी बाहेर काढायचंय, त्यांच्यासाठी पुढचं.

आमचा उदगीरला फोटो स्टुडिओ आहे, अण्णांनी काढलेला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारावीत होते. अण्णा त्याच दिवशी कॅमेरा घेऊन निघाले, मिळेल त्या गाडीनं संध्याकाळपर्यंत तिथं पोचले, आणि पुढं सहा-आठ महिने जात राहिले. पडलेली माळवदं, पत्र्याच्या शेडमधल्या शाळा, नवीन गावठाणाच्या आखणीचा चुना. अकरा रोल झाले. १९९९ साली त्यांनी ते सगळे निगेटिव्ह हैदराबादला एका सेंटरवर स्कॅन करून आणले. सेंटरनं ते मॅग्नेटो-ऑप्टिकल चकत्यांवर दिले, ज्याला डीटीपीवाले नुसतं एमओ म्हणायचे. दिसायला फ्लॉपीसारखी, पण जाडीला दुप्पट. पाच चकत्या २३० एमबीच्या आणि दोन ६४० एमबीच्या. चकती वाचायचा ड्राइव्हही अण्णांनी तेव्हाच विकत घेतला. पुढं एका पावसाळ्यात कपाटामागची भिंत ओली झाली, निगेटिव्हला बुरशी लागली आणि ती गेली. म्हणजे आता जे काही आहे ते त्या सात चकत्यांवर.

ड्राइव्ह जागेवर होता. तो ज्या कॉम्प्युटरला जोडायचा तो कधीच भंगारात गेला होता, आणि त्याच्यासोबत आतलं स्कझी कार्डही. ते कार्ड कोणतं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. माझ्या हातात होता तो फक्त ड्राइव्हचा पांढरा डबा. मागं पन्नास पिनांचे दोन रुंद सेंट्रॉनिक्स कनेक्टर, आयडी, म्हणजे ड्राइव्हचा क्रमांक, बदलायचं छोटं बटण आणि पॉवरचं सॉकेट. या डब्यावरून कार्ड ओळखून आणायचं होतं.

पहिलं कार्ड मी ऑनलाइन मागवलं. विक्रेत्यानं लिहिलं होतं २९४०यूडब्ल्यू. फोटोत कार्ड तसंच दिसत होतं. हातात आलं तेव्हा मागच्या बाजूच्या चिकटपट्टीवर आकडा होता २९४४यूडब्ल्यू. एका आकड्याचा फरक, आणि तो फरक माझा ड्राइव्ह जाळू शकला असता. पैसे परत मिळाले नाहीत. पण मी ते कार्ड लावलं नाही याचं समाधान मला आजही आहे, आणि का लावलं नाही ते नीट सांगते, कारण या सगळ्या प्रकरणातला खरा धोका इथंच आहे.

स्कझी हे बोलायचं नाव, कागदावर एससीएसआय. याची सुरुवात शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या सासी नावाच्या जोडणीतून झाली. तिथं त्या कामावर असलेले लॅरी बाउचर १९८१ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ॲडॅप्टेक काढली. १९८६ साली अमेरिकेत स्कझीचं मानक ठरलं. तेव्हापासून पंधरा-वीस वर्षांत ही जोडणी इतक्या वेळा वाढवली गेली, की कनेक्टर तेच राहिले आणि आतली वीज बदलली. तीन जाती लक्षात ठेवायच्या. पहिली सिंगल-एंडेड, म्हणजे एसई: प्रत्येक सिग्नलला एक तार, जोडीला ग्राउंड. नव्वदीतले बहुतेक स्कॅनर, झिप, एमओ, सीडी ड्राइव्ह याच जातीचे. दुसरी जुनी डिफरेन्शियल, जिला पुढं एचव्हीडी म्हणायला लागले. यात एका सिग्नलला दोन तारा, एकीवर जे जातं त्याचं उलट दुसरीवर. त्यामुळं केबल २५ मीटरपर्यंत नेता यायची. मोठे सर्व्हर आणि टेपच्या कपाटांसाठी ही वापरायचे. तिसरी एलव्हीडी, कमी व्होल्टेजची डिफरेन्शियल, १२ मीटरपर्यंत जाणारी. ती नव्वदीच्या शेवटी आली.

एलव्हीडी आणि एसई यांचं जमतं. बहुतेक एलव्हीडी उपकरणं दोन्ही बोलतात. एका तारेवर जोडलेल्या उपकरणांच्या रांगेत एक जरी एसई उपकरण आलं तरी सगळी रांग एसईवर उतरते, वेग कमी होतो, पण जळत काही नाही. एचव्हीडीचं कुणाशीच जमत नाही. एसईत ज्या तारा ग्राउंड असतात त्यातल्या बऱ्याच तारांवरून एचव्हीडीत सिग्नल जातो. म्हणजे जोडल्या जोडल्या एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या ग्राउंडवर आपटतो. २९४४ हे एचव्हीडी कार्ड आहे. त्याच्या मागचा अडुसष्ट पिनांचा कनेक्टर आणि २९४०यूडब्ल्यूचा कनेक्टर शेजारी धरला तर एकसारखा. केबल दोन्हीत अगदी आरामात बसते.

ओळखायचं कसं? एक, आकडा वाचायचा, आणि शेवटचा अंक बोट ठेवून वाचायचा. दोन, पत्र्यावर नाहीतर उपकरणाच्या मागं शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह असतं. त्याच्या शेजारी एसई, एलव्हीडी, एलव्हीडी/एसई किंवा डीआयएफएफ ही इंग्रजी अक्षरं असतात. डीआयएफएफ दिसलं की कार्ड खाली ठेवायचं. तीन, एचव्हीडी कार्डावर कनेक्टरच्या जवळ ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या, चिपांची जादा रांग असते. एसई कार्डावर ती जागा मोकळी-मोकळी दिसते, कारण मुख्य चिपच थेट तारा हाकते.

हे सगळं त्या फसलेल्या कार्डानं मला शिकवलं, आणि मगच मी नांदेडची एसटी धरली. दुकानाचा पत्ता मला आमच्या गावातल्या एका जुन्या डीटीपीवाल्यानं दिला होता. दुकान जिन्यावर आहे, पाटी धड वाचता येत नाही. आत लोखंडी रॅक, रॅकवर पत्र्याचे बिस्किटांचे मोठे डबे, आणि प्रत्येक डब्यावर खडूनं लिहिलेलं: रॅम, नेटवर्क, साउंड, स्कझी. काका साठीच्या पुढचे. नव्वदीत बँका आणि सोसायट्यांच्या मशिनी दुरुस्त करायचे. त्या मशिनी निघाल्या तशा त्यांनी कार्डं काढून ठेवली.

"काय पायजे ताई?"

"स्कझी कार्ड. पीसीआय."

त्यांनी चष्मा वर केला. "लै वर्षांनी कुणीतरी नाव घेतलं. कशाला लावायलात?"

मी डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, मागचे कनेक्टर बघितले, आयडीचं बटण दोनदा दाबलं आणि म्हणाले, "ह्याला नुस्तं पन्नासचं कार्ड पायजे. अडुसष्टचं नेलात तर केबल हुडकत बसाल." मग स्कझीचा डबा माझ्यापुढं सरकवला. "घ्या निवडून. पण नाव वाचून नेऊ नका. चिप वाचा."

या एका वाक्यासाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी देईन. जुन्या सामानाची बरीच दुकानं मी बघितलीत. तिथं चिपेवर बोट ठेवलं तरी मालकाच्या कपाळाला आठी पडते. इथं काकांनी भिंग काढून दिलं आणि खिडकीजवळचं स्टूल रिकामं केलं.

डब्यात वीस-बावीस कार्डं होती आणि त्यातली निम्मी २९४० या नावाची. पण २९४० हे आडनाव समजा, घरात माणसं वेगवेगळी. नुसतं २९४०: एआयसी-७८७० चिप, पन्नास पिनांचं, सेकंदाला १० एमबी. २९४०डब्ल्यू: चिप तीच, पण रुंद, म्हणजे अडुसष्ट पिनांचं, २० एमबी. २९४०यू: एआयसी-७८८०, पन्नास पिनांचं, २० एमबी. २९४०यूडब्ल्यू: चिप पुन्हा तीच ७८८०, पण रुंद, ४० एमबी. २९४०एयू: नावात यू आहे, वेगही २० एमबीच, पण चिप ७८६०. आणि २९४०यू२डब्ल्यू तर वेगळ्याच पिढीचं: एआयसी-७८९०, एलव्हीडी, ८० एमबी. डब्ल्यू म्हणजे वाइड, यू म्हणजे अल्ट्रा, एवढं कळलं की निम्मं कोडं सुटतं. उरलेलं निम्मं चिपेवरच्या आकड्यानं सुटतं, कारण चिकटपट्ट्या निघून जातात, कुणी चुकीच्या लावतं, आणि सर्व्हरच्या कंपन्यांनी आपल्या नावानं विकलेल्या कार्डांवर ॲडॅप्टेकचा मॉडेल नंबर नसतोही.

यूडब्ल्यूबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण बाजारात तेच सगळ्यांत जास्त दिसतं. त्याच्यावर तीन कनेक्टर असतात: आत पन्नासचा, आत अडुसष्टचा आणि बाहेर अडुसष्टचा. तिन्ही एकदम वापरता येत नाहीत. कोणतेही दोनच. स्कझीची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हवी, तिला तिसरा फाटा फुटला की सिग्नल परततात आणि वाचताना चुका यायला लागतात. तीन भोकं दिसली म्हणून तीन केबली लावायच्या, ही चूक कुणीही सहज करेल. यू२डब्ल्यूवर एलव्हीडीचा भाग आणि एसईचा भाग मधल्या एका वेगळ्या चिपेनं तोडलेला असतो, म्हणून तिथं नवीन डिस्क एका बाजूला आणि जुना स्कॅनर दुसऱ्या बाजूला असं सुखानं नांदतं. ज्यांच्याकडं दोन्ही पिढ्यांची उपकरणं आहेत त्यांनी यू२डब्ल्यू किंवा त्याच्या पुढचं २९१६० घ्यावं. २९१६० लांब असतं, चौसष्ट बिटांचं, पण साध्या बत्तीस बिटांच्या पीसीआय स्लॉटमध्येही चालतं. मागची शेपटी बाहेर लोंबकळते तेवढंच. त्याचंच २९१६०एन हे आखूड भावंड बाहेरच्या बाजूला पन्नासचा कनेक्टर देतं.

ॲडॅप्टेकशिवाय डब्यात एनसीआरच्या, म्हणजे नंतरच्या सिम्बायोसच्या ५३सी८१० चिपेचं एक छोटं कार्ड होतं. काका ते दोनशेला देत होते. त्यावर बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना कार्ड जागं करणाऱ्या प्रोग्रॅमची, चिप नव्हती. या कार्डांतली बरीच मदरबोर्डातल्या बायोसवर विसंबून असायची. ज्याला स्कझीवरून कॉम्प्युटर चालू करायचा नाही, फक्त चालू झाल्यावर उपकरण वाचायचंय, त्याचं दोनशेत भागेल. बसलॉजिकचं एक बीटी-९५८ पण होतं, आणि ते हातात घेऊन मला फार बरं वाटलं. इतकं नीट मांडलेलं कार्ड क्वचित बघायला मिळतं. पण तेही रुंद, अडुसष्टचं. मला नको होतं. आयसाचं, म्हणजे पीसीआयच्या आधीच्या स्लॉटचं, एक १५४२सीएफ होतं, पण माझ्या पेंटियम ४ मध्ये आयसा स्लॉटच नाही. स्कॅनरसोबत फुकट मिळायची ती बिनबायोसची छोटी कार्डं मी बघितलीही नाहीत.

आता कनेक्टर. इथं माझी युक्ती अगदी साधी आहे: शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी सोबत ठेवा. पिना मोजत बसलं की तिसाव्या पिनेवर लक्ष सुटतं. त्यापेक्षा पिनांच्या रांगेची पहिल्या पिनेपासून शेवटच्या पिनेपर्यंतची लांबी मोजा. बाहेरचा सेंट्रॉनिक्स पन्नास, माझ्या डब्यावर होता तो: साधारण ५.२ सेंमी, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या. बाहेरचा हाय-डेन्सिटी पन्नास: ३ सेंमी, केबलच्या बाजूला चिमटीत दाबायच्या कळी. हाय-डेन्सिटी अडुसष्ट: ४.२ सेंमी, बहुधा अंगठ्यानं फिरवायचे स्क्रू. आणि नंतरच्या काळातला व्हीएचडीसीआय, त्याच्याही अडुसष्टच पिना पण अगदी खेटून: २.६ सेंमी. एका पत्र्यावर दोन चॅनल बसवायचे असले की तो वापरायचे. आतल्या बाजूला पन्नास पिनांच्या फ्लॅट केबलचा कनेक्टर ६ सेंमीच्या किंचित वर भरतो, आणि दिसायला तसाच असलेला हार्डडिस्कचा आयडीई चाळीस पिनांचा ४.८ सेंमी. सर्व्हरच्या डिस्कांवर ऐंशी पिनांचा एससीए असतो. त्यात पॉवर आणि आयडी एकाच कनेक्टरमधून येतात. काकांच्या दाराशी असल्या डिस्कांची चळत होती.

पट्टीचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. सेंट्रॉनिक्स हा कनेक्टर जुन्या प्रिंटरलाही असायचा, पण छत्तीस पिनांचा, ३.७ सेंमी. काकांच्या केबलच्या टोपलीत दोन्ही एकत्र होते, आणि गडबडीत छत्तीसची केबल पिशवीत पडायला वेळ लागत नाही. दुसरी जागा जास्त नाजूक आहे. पंचवीस पिनांचा डीबी-२५ कनेक्टर मॅकवाले स्कझीसाठी वापरायचे, झिप ड्राइव्हच्या स्कझी अवतारालाही तोच, आणि पीसीच्या प्रिंटर पोर्टलाही तोच. झिपचा पॅरलल अवतारही बाजारात होता, बाहेरून जुळ्या भावासारखा. इथं पट्टी कामाची नाही, कारण माप एकच. मागचं वाचायचं. स्कझी झिपवर आयडी निवडायचं बटण असतं, ५ किंवा ६, आणि टर्मिनेशनचं (तारेचं टोक बंद करायचं, पुढं सांगते) चालू-बंद बटण. ती दोन बटणं दिसली तर तो पॅरललच्या पोर्टात खुपसू नका.

मी तासभर बसून २९४०यू निवडलं. पत्र्यावर हाय-डेन्सिटी पन्नास, आत पन्नास, चिप एआयसी-७८८०पी, बायोसची चिप सॉकेटमध्ये जागेवर, सोन्याच्या पट्ट्यांवर ओरखडे नाहीत. काकांनी ते त्यांच्या चाचणीच्या मशीनमध्ये लावलं. हे मला फार आवडलं: मशीन आधीच उघडं, स्लॉट मोकळा, पाच मिनिटांत पडद्यावर ॲडॅप्टेकची ओळ आली आणि कंट्रोल-ए दाबा म्हणून सूचना. माझा ड्राइव्ह जोडला, आयडी ४ वर दिसला. कार्डाचा स्वतःचा आयडी ७. तोच ठेवतात, कारण रांगेत ७ चा मान सगळ्यांत वर. रुंद कार्डावर १५ पर्यंत आयडी असले तरी पहिला मान ७ लाच, मग ६ ते ०, आणि १५ ते ८ त्यांच्या मागं. हे दाखवताना काकांच्या आवाजात जो उत्साह होता, तो मी बऱ्याच शोरूममध्ये बघितलेला नाही.

आता तक्रारी. केबल. हाय-डेन्सिटी पन्नास ते सेंट्रॉनिक्स पन्नास अशी केबल मला हवी होती. टोपलीत तीन होत्या. पहिलीच्या दोन पिना वाकलेल्या, दुसरीच्या एका टोकाची कळ तुटलेली, तिसरी बरी. भाव मात्र तिन्हींचा ३५०. वाकडी पिन सरळ करता येते, पण तिसऱ्यांदा वाकली की तुटते, आणि अशी केबल चांगल्या केबलच्या भावात देणं मला पटलं नाही. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, "चालती की ताई ती पण." चालत असेल. मी तिसरी घेतली. टर्मिनेटर त्यांच्याकडं एकही नव्हता. पावती मागितल्यावर वहीचा कागद फाडून दिला, त्यावर कार्डाचा नंबर लिहिला नव्हता. मी पेन मागून स्वतः लिहिला आणि त्यांची सही घेतली.

टर्मिनेटर नसेल तर कार्ड कितीही चांगलं असो, उपयोग नाही. तारेच्या दोन्ही टोकांना सिग्नल शोषून घेणारे रेझिस्टर लागतात. जुन्या पॅसिव्ह प्रकारात प्रत्येक तारेला २२० आणि ३३० ओहमची जोडी, नव्या ॲक्टिव्ह प्रकारात नियंत्रित व्होल्टेजला जोडलेला ११० ओहम. दोन टोकं म्हणजे दोनच, ना कमी ना जास्त. माझ्या मांडणीत एक टोक कार्ड, दुसरं ड्राइव्हचा डबा. घरी अण्णांच्या खणात सेंट्रॉनिक्सचा जुना टर्मिनेटर सापडला, तो मी डब्याच्या दुसऱ्या कनेक्टरवर लावला. चकती घातली, वाचायला सुरुवात झाली आणि थोड्या वेळात चुकांची रांग लागली. दोन दिवस केबलवर संशय घेतला. शेवटी डबा उघडला तर आतल्या ड्राइव्हवर टर्मिनेशनचा जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, बसवलेलाच होता. म्हणजे एका टोकाला दोन टर्मिनेटर. जम्पर काढला आणि चुका थांबल्या. बाहेरचा टर्मिनेटर लावायचा असेल तर आतला जम्पर काढायचा, एवढीच गोष्ट, पण ती बघायला स्क्रू उघडावे लागतात.

कंट्रोल-ए दाबून कार्डाच्या सेटिंगात गेले आणि आयडी ४ साठी वेग १० वर आणला. जुना ड्राइव्ह, जुनी केबल, घाई कशाला करायची. अल्ट्राच्या वेगाला केबलही आखूड लागते: चारपेक्षा जास्त उपकरणं असली तर दीड मीटर.

कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. कार्ड ओळखायला वेगळं काही द्यावं लागलं नाही, एआयसी७एक्सएक्सएक्स हा ड्रायव्हर आतच आहे. पीसीआयची यादी काढली तर कार्ड ९००४:८१७८ या आकड्यानं दिसतं, आणि तिथं यू आणि यूडब्ल्यू दोघांचं नाव एकत्र येतं. म्हणजे सॉफ्टवेअरला विचारून हे दोन वेगळे करता येत नाहीत, ते कनेक्टर बघूनच. २९४४यू मात्र ८४७८ दाखवतं. विक्रेता लांबचा असेल तर त्याच्याकडून हा आकडा मागवून घ्या. फोटोपेक्षा त्यावर भरवसा ठेवता येतो.

चकत्यांची लिहिण्यापासून बचाव करायची कळ सरकवली आणि आधी प्रत्येकीची डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं जशीच्या तशी प्रत काढली, मग त्या प्रतीतून फायली. २३० एमबीच्या चकत्या मॅकच्या एचएफएस पद्धतीच्या निघाल्या, हैदराबादच्या सेंटरवर मॅक होते म्हणून. विंडोजला त्या कोऱ्या वाटल्या असत्या. ६४० च्या दोन्ही साध्या फॅटच्या, म्हणजे विंडोजला कळणाऱ्या पद्धतीच्या, पण त्यांचा सेक्टर, म्हणजे साठवणीचा एक तुकडा, ५१२ ऐवजी २०४८ बाइटांचा. तेही लिनक्सनं निमूट वाचलं. एमओचं मला कौतुक वाटतं. लेझरनं तापवल्याशिवाय तिच्यावरची चुंबकीय नोंद बदलत नाही. घरातल्या साध्या लोहचुंबकानं ती पुसत नाही. पंचवीसहून जास्त वर्षं त्या चकत्या उदगीरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात होत्या. सातपैकी सहा पूर्ण वाचल्या. सातवीवर चौदा फायली अर्धवट आल्या.

पहिला फोटो उघडला तो एका दाराचा होता. माळवद खाली आलेलं, दगड-मातीच्या भिंती दोन्ही बाजूंना सांडलेल्या, आणि मधे सागवानी चौकट तोरणासकट उभी. अण्णा खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले आणि त्या घरातल्या माणसांची नावं सांगायला लागले. मी ती लिहून घेत गेले. त्या रात्री आम्ही ४३ फोटो बघितले. नावं त्यांना सगळ्यांची आठवत होती.

म्हणून कार्डाबद्दल माझं मत: एमओ, झिप, जॅझ, सीडी ड्राइव्ह, जुना स्कॅनर, यांतलं एखादं-दुसरं बाहेरचं उपकरण वाचायचं असेल तर २९४०यू घ्या. एयूही चालेल. रुंद कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. त्याला अडुसष्टवरून पन्नासवर उतरणारी केबल लागते, आणि वरच्या बाइटचं टर्मिनेशन कार्डानं करावं म्हणून सेटिंगात ‘लो’ आणि ‘हाय’ वेगवेगळं बघावं लागतं. येतं करता, पण केबलचा खर्च कार्डाच्या वर जातो. जुन्या सर्व्हरच्या डिस्का वाचायच्या असतील तर यू२डब्ल्यू किंवा २९१६०.

दुकानाबद्दल: काकांकडं मी निघाले तेव्हा अजून दोन २९४०यू आणि एक एयू शिल्लक होतं, दोनशेवालं ५३सी८१० पण होतं. उपकरण सोबत घेऊन जा, ते लावून दाखवतात. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. पट्टी, भिंग आणि टर्मिनेटर आपला न्यायचा. सातव्या चकतीसाठी मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. त्यांच्याकडं एक दुसरा एमओ ड्राइव्ह आहे, त्यात ती घालून बघू म्हणालेत.